टक्के दाखल्यावर कळतात, गरज वर्गात कळते

 

आज आपण शाळेत जाणाऱ्या दिव्यांग मुलांच्या एका तपासणीबद्दल बोलणार आहोत. ती म्हणजे फिजिओथेरपीची तपासणी. आपल्याकडे फिजिओथेरपिस्टला कुणी व्यायामाचे डॉक्टर म्हणतं, कुणी थेरपीच्या मॅडम म्हणतं. नाव काहीही घ्या, काम लक्षात घ्या. मुलाचं शरीर कसं हलतं, कुठे अडतं आणि त्याला बसायला, उठायला, चालायला, लिहायला काय मदत लागेल, हे बघणं म्हणजे ही तपासणी. ज्या मुलाचा हात, पाय, पाठ किंवा मान नीट साथ देत नाही, अशा प्रत्येक शाळकरी मुलाची ती व्हायला हवी.

"आमच्या पोराचं सर्टिफिकेट काढलंय की, मग परत कसली तपासणी?" हा प्रश्न मला बैठकांमध्ये नेहमी ऐकू येतो. तिथूनच सुरुवात करू.

सरकारी दवाखान्यात मिळतो तो दिव्यांगत्वाचा दाखला. त्याच्यासोबत यूडीआयडी कार्ड येतं. त्यावर टक्के असतात. हा दाखला फार कामाचा आहे. एसटीची सवलत, पेन्शन, वेगवेगळ्या योजना, सगळ्याला तो लागतो. ज्यांनी काढला नसेल त्यांनी काढून घ्यावाच. पण टक्का एवढंच सांगतो की शरीराचं किती नुकसान झालंय. शाळेत मुलाला काय लागेल ते टक्का सांगत नाही.

समजा दोन मुलं आहेत. दोघांच्या दाखल्यावर ५० टक्के लिहिलंय. एकाला पायऱ्या चढता येत नाहीत, पण अक्षर मोत्यासारखं आहे. दुसरं मूल पळतं, पण त्याचा उजवा हात ताठ आहे, पेन्सिल धरता येत नाही. पहिल्याला उतरता रस्ता आणि कठडा हवा. दुसऱ्याला जाड पेन्सिल, तिरकी पाटी आणि डाव्या हाताचा सराव हवा. टक्के सारखे, गरज मात्र वेगळी. ही गरज शोधून काढते ती फिजिओथेरपीची तपासणी.

आता ही तपासणी होते कुठे? समग्र शिक्षा ही केंद्र आणि राज्य सरकारची योजना २०१८ पासून चालू आहे. त्यात समावेशित शिक्षण नावाचा भाग आहे. समावेशित म्हणजे सगळ्यांना सामावून घेणारं. तालुक्याच्या गट साधन केंद्रातून हे काम चालतं. तिथे विशेष शिक्षक असतात. फिजिओथेरपिस्ट कुठे आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी येतात, तर कुठे शिबिरापुरते येतात. तुमच्या तालुक्यात काय व्यवस्था आहे ते मुख्याध्यापकांना किंवा केंद्रप्रमुखांना विचारा. दुसरी वाट आरोग्य खात्याची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत मुलं तपासायला येतं. त्या पथकाने चिठ्ठी दिली की जिल्हा पातळीवरच्या बाल उपचार केंद्रात पुढची तपासणी होते. पथक कधी येणार हे आशाताईंना किंवा अंगणवाडीताईंना माहीत असतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. "चारचौघात कशाला दाखवायचं" म्हणून बऱ्याच आया नेमक्या त्याच दिवशी मुलाला मामाकडे पाठवतात. तपासणीचा दिवस चुकला की पुढचं वर्ष तसंच जातं.

तपासणीत नेमकं काय करतात, ते माहीत असलं की आई घाबरत नाही आणि तिला प्रश्नही विचारता येतात.

आधी आईशी बोलणं होतं. बाळ पूर्ण दिवसांचं होतं का, जन्मल्यावर लगेच रडलं का, मान कधी धरली, कधी बसलं, कधी चाललं, झटके येतात का, ऑपरेशन झालंय का. म्हणून जुने कागद सोबत ठेवा. बाळंतपणाचा दवाखान्याचा कागद, झटक्याच्या गोळ्यांची चिठ्ठी, जुना एक्स-रे, सगळं एका पिशवीत. मुलाला सैल कपडे आणि आखूड चड्डी घाला, म्हणजे गुडघे आणि पाय दिसतात. जुनं कॅलिपर, बूट, कुबडी असेल तर तेही न्या, मोडकं असलं तरी न्या.

मग सांधे बघतात. घोटा, गुडघा, कंबर, कोपर किती वाकतात आणि किती सरळ होतात ते मोजतात. कंपासपेटीतल्या कोनमापकासारखं एक साधन असतं, त्याने हे माप अंशात घेतात. हे माप लिहून ठेवणं महत्त्वाचं, कारण पुढच्या वर्षी सांधा सुटला की आणखी आखडला ते त्यावरून कळतं.

मग स्नायूंचा ताठरपणा किंवा ढिलेपणा बघतात आणि ताकद बघतात. ताकदीला ० ते ५ असे आकडे देतात. ० म्हणजे स्नायू हलतच नाही. ३ म्हणजे मूल पाय आपल्या बळावर वर उचलतं, पण वरून हाताने दाबलं की तो टिकत नाही. ५ म्हणजे पूर्ण ताकद.

ज्या मुलांना सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे जन्माआधी, जन्मताना किंवा अगदी लहानपणी मेंदूला इजा होऊन हालचालीवरचा ताबा गेलाय, त्यांच्यासाठी १ ते ५ अशा पातळ्या ठरलेल्या आहेत. पहिल्या पातळीचं मूल न धरता चालतं, जिना चढतं. पाचव्या पातळीच्या मुलाला मान सावरायलाही मदत लागते. हे परीक्षेचे गुण नाहीत, इथे लहान आकडा म्हणजे त्रास कमी. आणि ही पातळी फक्त हालचालीची आहे. पाचव्या पातळीचं मूलही हुशार असू शकतं. लाळ गळते, बोलणं अडखळतं, म्हणून त्याला समजत नाही असं धरून चालू नका.

शेवटी मुलाला बसायला, उठायला, चालायला, वळायला, एका पायावर उभं राहायला सांगतात. तोल कुठे जातो, पाय कुठे घासतो, हे बघतात. इथे तपासणी संपली असं बऱ्याच जणींना वाटतं. पण शाळेच्या दृष्टीने खरी तपासणी इथून पुढे सुरू होते.

शिबिर असतं तालुक्याच्या हॉलमध्ये, गुळगुळीत फरशीवर. तिथे मूल भिंतीला धरून दहा पावलं चालतं आणि कागदावर लिहिलं जातं "आधाराने चालतो". आपली शाळा मात्र ओढ्यापलीकडे आहे. फाटकाजवळ चिखल आहे, वर्गाला दोन पायऱ्या आहेत, उंबरा आहे. मुलं खाली सतरंजीवर बसतात. खिचडीचं ताट घेऊन व्हरांड्यात जायचं असतं. मुतारी मैदानाच्या टोकाला आहे. तिथे हे मूल कसं चालतं, ते शिबिरात दिसत नाही. ते सांगायचं काम आईचं आहे.

म्हणून मी आयांना एक गोष्ट करायला सांगते. तपासणीला जायच्या आधी मुलाचा शाळेतला एक दिवस लिहून काढा. लिहिता येत नसेल तर घरातल्या मोठ्या मुलीकडून किंवा गटाच्या सचिवाकडून लिहून घ्या. घरातून निघतो कसा? कोण नेतं? पायरी कशी चढतो? प्रार्थनेला उभा राहतो का? मांडी घालता येते का? किती वेळाने एका बाजूला कलतो? फळ्यावरचं उतरवून होतं का? ताट कोण आणून देतं? लघवीला कसा जातो? खेळाच्या तासाला कुठे असतो? हा कागद थेरपीच्या मॅडमच्या हातात द्या. जमलं तर विशेष शिक्षकांना विनंती करा, की मॅडमना एकदा शाळेत घेऊन या. वर्गात पाच मिनिटं उभं राहिल्यावर जे दिसतं ते हॉलमध्ये तासभर बसून दिसत नाही.

यातला लघवीचा प्रश्न बायका शेवटी विचारतात, तोही हळू आवाजात. तो सगळ्यात आधी विचारा. आमच्या भागातली सातवीतली एक मुलगी शाळेत दिवसभर पाणी प्यायची नाही. तिला उकिडवं बसता येत नव्हतं आणि मुतारीत धरायला काही नव्हतं. घरच्यांना वाटायचं, हिला तहानच कमी. उन्हाळ्यात तिला लघवीची जळजळ सुरू झाली, ताप आला, आणि शाळा बंद करायची बोलणी झाली. पुढे थेरपीच्या मॅडमनी तिला उठता-बसताना बघितलं आणि दोन गोष्टी लिहून दिल्या. भिंतीला दोन्ही बाजूंना लोखंडी दांडी, आणि खाली ठेवायला भोक असलेली खुर्ची. गावच्या वेल्डरने दांड्या बसवल्या. पोरगी आता आठवीत आहे. तिच्या दाखल्यावरच्या टक्क्यात काही फरक पडलेला नाही, शाळा मात्र टिकली. दिव्यांग मुलगी वयात आली की बरेचदा याच एका कारणावरून तिची शाळा सुटते, आणि आपण म्हणतो तिला शिक्षणाची आवडच नव्हती.

तपासणी झाल्यावर रिकाम्या हाताने परत येऊ नका. तीन गोष्टी कागदावर मागून घ्या. पहिली, मूल आज काय काय स्वतः करू शकतं. दुसरी, घरी आणि शाळेत काय बदल करायचे. तिसरी, पुन्हा तपासणी कधी. या कागदाची एक झेरॉक्स वर्गशिक्षकांना द्या. ज्यांच्यासोबत मूल दिवसाचे पाच-सहा तास काढतं, त्यांना हे माहीत नसेल तर तपासणीचा अर्धा उपयोग वाया जातो.

शाळेतले बदल म्हणजे फार मोठा खर्च असं नाही. बाकावर बसणाऱ्या मुलाचे पाय लोंबकळत असतील तर त्याचा तोल सगळा हातावर येतो आणि अक्षर बिघडतं. पायाखाली लाकडी खोका ठेवला, पावलं टेकली, गुडघे काटकोनात आले, की हात मोकळा होतो. खाली बसणाऱ्या मुलाला भिंतीच्या कोपऱ्यात बसवलं की दोन्ही बाजूंनी पाठीला आधार मिळतो, आणि पुढ्यात चौरंग ठेवला की लिहिता येतं. पाय मागे दुमडून, बेडकासारखं बसायची काही मुलांना सवय असते. त्यांनी कसं बसावं ते मॅडमना विचारून घ्या. वर्ग वरच्या मजल्यावर असेल तर तो वर्गच खाली आणायची मागणी करा, त्याला एक रुपयाही लागत नाही.

उतरत्या रस्त्याचा, म्हणजे रॅम्पचा हिशोब प्रत्येकीने पाठ करावा. एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी लागते. सहा-सहा इंचांच्या दोन पायऱ्या असतील तर रॅम्प बारा फुटांचा हवा, दोन्ही बाजूंना कठडा हवा. काही शाळांत चार फुटांची घसरगुंडी बांधून रॅम्प झाला म्हणतात. त्यावरून व्हीलचेअर वर जात नाही आणि खाली आली तर थांबत नाही. गवंडी काम सुरू करण्याआधीच दोरी लावून मोजा.

आता साहित्याबद्दल. मोजमाप शिबिरात माप घेऊन काही महिन्यांनी कॅलिपर, कुबड्या, व्हीलचेअर, वॉकर मिळतात. बरंचसं साहित्य कानपूरच्या अलिम्को या सरकारी कारखान्यात बनतं. साहित्य मिळाल्याच्या दिवशी फोटो होतो, हार होतो. त्या गर्दीतही ते मुलाच्या अंगावर घालून बघा. मूल वाढतं, मधल्या महिन्यांत पाय लांब झालेला असतो. कॅलिपर काढल्यावर कातडीवर लाल वण दिसला आणि तो अर्ध्या तासात गेला नाही, तर कुठेतरी घट्ट होतंय. वापरणं थांबवा आणि दाखवा. न जुमानता घातलं तर जखम होते. मग मूल ते घालायला नकार देतं आणि कॅलिपर माळ्यावर जातं. किती घरांत अशी नवी कोरी साधनं माळ्यावर पडलीयत, ते तुम्हीच आठवा.

एकदा तपासणी झाली, झालं असं का नाही, तेही समजून घ्या. मुलाचं हाड वाढतं, पण ताठर स्नायू त्याच वेगाने वाढत नाही. म्हणून पाचव्या वर्षी टाच टेकवणारं मूल दहाव्या वर्षी चवड्यावर चालायला लागतं. वेळीच ताण देणारे व्यायाम, रात्रीचा पट्टा, योग्य बूट मिळाले तर आखडणं लांबवता येतं. वेळ गेली की ऑपरेशनची वेळ येते. जी मुलं चालत नाहीत त्यांचा खुब्याचा सांधा हळूहळू सरकू शकतो. कपडे बदलताना मांड्या फाकवणं अवघड जायला लागलं, मूल रडायला लागलं, तर ताबडतोब सांगा, एक्स-रे काढावा लागतो. म्हणून निदान दरवर्षी शाळा सुरू होताना तपासणी हवी. मूल अचानक जास्त पडायला लागलं तर वर्षाची वाट बघू नका.

एका गोष्टीत मात्र फार जपायला हवं. एखादा मुलगा आधी चांगला चालत होता आणि शाळेत जायच्या वयात वारंवार पडायला लागला, पोटऱ्या फुगीर दिसतात, जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत टेकत उठतो, तर ते स्नायूंच्या आजाराचं लक्षण असू शकतं. अशा मुलाला "आळशी झालाय, पळव त्याला" म्हणून दमवलं तर स्नायूंना अपाय होतो. आधी डॉक्टर, मग त्यांच्या सल्ल्यानेच व्यायाम. तसंच, कुणीतरी पाय ओढून एका दिवसात सरळ करून देतो म्हणालं तर मुलाला त्याच्या हाती देऊ नका. आखडलेला सांधा जोराने ओढला तर हाड मोडू शकतं. व्यायाम हळू, रोज आणि दाखवला तसाच करायचा असतो. मॅडमनी करून दाखवल्यावर तिथेच तुम्ही एकदा करून दाखवा, म्हणजे चूक तिथल्या तिथे सुधारते.

तपासणीला गेल्यावर स्वतःबद्दलही एक प्रश्न विचारा. मुलाला उचलायचं कसं? नऊ-दहा वर्षांचं मूल रोज कडेवर घेणाऱ्या आईची कंबर जाते आणि ते कुणाच्या हिशोबात येत नाही. गुडघ्यात वाकून, मुलाला छातीशी घेऊन उठायचं, कंबरेत वाकून नाही. हेही शिकवणं त्यांच्या कामाचा भाग आहे.

कायद्याचं थोडक्यात सांगते. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २१ प्रकारची दिव्यांगत्वं मानतो. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. शाळेची इमारत त्याला वापरता यावी आणि त्याच्या गरजेप्रमाणे सोय व्हावी, हेही त्याच कायद्यात आहे. "आमच्याकडे सोय नाही, दुसरीकडे न्या" हे उत्तर त्यात बसत नाही. ज्या मुलाला खरोखरच घराबाहेर नेणं शक्य नाही, त्याच्यासाठी घरी येऊन शिकवायची तरतूद आहे. पण ते तपासणीनंतर ठरवायचं. दोन पायऱ्या आणि एक मुतारी अडवते म्हणून मूल घरी बसवायचं नाही. समग्र शिक्षेत येण्या-जाण्याचा भत्ता, सोबत नेणाऱ्याचा भत्ता आणि दिव्यांग मुलींसाठी महिना २०० रुपये, वर्षातले १० महिने, अशीही तरतूद आहे. आपल्या मुलाचं नाव यादीत आहे का, मुख्याध्यापकांना विचारा.

आता आपल्या गटाने काय करायचं? तपासणीला जायचं म्हणजे आईची एक दिवसाची मजुरी बुडते. एसटीत मुलाला घेऊन चढायचं, कागदं सांभाळायची, रांगेत उभं राहायचं, सगळं एकटीने. म्हणून ती जात नाही. गटातल्या एकीने सोबत जायचं, दुसरीने घरची जनावरं आणि धाकटं पोर बघायचं, पाळी लावून घ्या. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. तिथे दिव्यांग मुलाच्या आईला पाठवा आणि तपासणीचा कागद तिथे वाचून दाखवायला सांगा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. मुतारीतल्या दांड्या, कठडा यांची मागणी ग्रामसभेत लेखी द्या आणि पोच घ्या. एकटीने मागितलं तर उपकार मागितल्यासारखं वाटतं. वीस जणींनी मागितलं की ते हक्काचं होतं.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की वहीत एक पान आखा. गावातल्या आणि वाडीवरच्या प्रत्येक दिव्यांग मुलाचं नाव, वय, शाळेत जातं का, दाखला आहे का, शेवटची फिजिओथेरपी तपासणी कधी झाली. शेवटच्या रकान्यात किती जागा रिकाम्या राहतात ते मोजा. तेवढी कामं आपल्या गटाची. बोलू पुन्हा, नमस्कार.